मुंबईला उतरायचं कुठे?

मुंबईला जायचं ठरलं की आपल्या घरात पहिला प्रश्न कोणता निघतो? "उतरायचं कुणाकडे?" मग नात्यागोत्याची उजळणी सुरू होते. आत्याचा मुलगा विरारला आहे, मावसबहीण कळव्याला आहे, ह्यांचे जुने मित्र चेंबूरला आहेत. ज्यांच्याशी घरोबा जास्त, त्यांना फोन जातो. "या की, घर तुमचंच आहे," असं उत्तर आलं की आपण निश्चिंत मनाने बॅग भरायला घेतो.

मैत्रिणींनो, हा प्रश्न नंतरचा आहे. पहिला प्रश्न ‘उतरायचं कुठे?’ हा. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही, आणि त्याची किंमत मोजली ती आमच्या थोरल्या जाऊबाईंनी. म्हणून आज जरा सविस्तर सांगायला बसले आहे.

२०११ सालची गोष्ट. जाऊबाईंचं छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि पुढे परळच्या एका मोठ्या इस्पितळात पाच आठवडे शेक घ्यायचा होता. आठवड्यातून पाच दिवस, रोज ठरल्या वेळी. भावोजींना दुकान सोडून येणं शक्य नव्हतं, म्हणून सोबतीला मी निघाले. ह्यांचा भाचा डोंबिवलीला राहतो. दोन खोल्या, नवरा-बायको आणि दोन शाळकरी मुलं. त्याने हक्काने सांगितलं, "मामी, मी असताना तुम्ही लॉजवर राहणार? लोक काय म्हणतील?" आम्हालाही ते पटलं. शिवाय पैसे वाचणार होते!

पण डोंबिवलीहून परळ म्हणजे एका बाजूला चाळीसेक किलोमीटर. आपल्या सांगलीहून कोल्हापूर जवळजवळ तेवढंच, आणि ते रोज जाऊन-येऊन. सकाळी साडेसहाला रिक्षा, मग स्टेशनचा जिना, मग गाडी. जाऊबाई ऑपरेशनच्या बाजूचा हात छातीशी घट्ट धरून दारापासून आत सरकायच्या. कुणी उठून जागा दिली तर बसायच्या, नाही तर दादरपर्यंत उभ्या. दादरला उतरून परळसाठी स्लो गाडी धरायची. शेक घेऊन होई पाच-दहा मिनिटांत, पण त्या पाच-दहा मिनिटांसाठी आमचा सगळा दिवस प्रवासात आणि रांगेत जाई. जाऊबाई एका शब्दाने कुरकुरल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी मात्र दादरच्या फलाटावरच्या बाकावर त्या बसल्या त्या उठेचनात. म्हणाल्या, "आज राहू दे गं. मला घरी ने. जे व्हायचं ते होऊ दे."

त्या दिवशीचा शेक चुकला. मला धसका बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. बाईमाणूस औषधाला कंटाळलं नव्हतं, ते प्रवासाला कंटाळलं होतं, आणि त्यापायी उपचार सोडायला निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या समाजसेवा विभागात गेले आणि सगळं सांगितलं. तिथल्या बाईंनी चिठ्ठी दिली. इस्पितळापासून पायी दहा मिनिटांवर, रुग्णांसाठी चालवलेल्या धर्मशाळेत चार दिवसांनी एक खोली मिळाली. आता भाचेसुनेला सांगायचं कसं, ही धाकधूक. मी चाचरत विषय काढला, तर ती ओट्याशीच रडायला लागली. "मामी, रागावू नका. रात्री अकराला ओटा आवरायचा आणि पहाटे चारला तुमच्या डब्यासाठी उठायचं, मलाही झेपत नव्हतं. पण बोलणार कशी?" म्हणजे पाहा, तिला आमचा संकोच, आम्हाला तिचा संकोच, आणि दोन्हीकडून भार पडत होता तो आजारी माणसावर.

तेव्हा मुंबईचा मुक्काम ठरवताना नात्याची वही बाजूला ठेवा आणि एक कोरा कागद घ्या. त्यावर वर लिहा, आपलं काम कुठे आहे. पूर्ण पत्ता. त्याखाली लिहा, जवळचं स्टेशन कोणतं, ते कोणत्या लाइनीवर, आणि काम स्टेशनच्या पूर्वेला की पश्चिमेला. शेवटी लिहा, बरोबरच्या माणसांत सर्वांत लवकर थकणारं कोण. सासूबाई असतील, तान्हं मूल असेल, पेशंट असेल. मुक्काम ठरवायचा तो त्या माणसाच्या पायांनी.

लाइनीचं एवढं महत्त्व का? आपली गावं गोल असतात. मधे स्टँड, आणि कुठूनही कुठेही वीस मिनिटांत जाता येतं. मुंबई आहे पडवळासारखी लांबट, उभी. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून दादर, अंधेरी, बोरिवली करत विरार आणि पुढे डहाणूपर्यंत जाते. मध्य रेल्वे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून, म्हणजे जुन्या व्ही.टी.वरून, दादर, ठाणे, कल्याणला जाते आणि तिथून कसारा नि कर्जत असे दोन फाटे फुटतात. हार्बरची गाडी कुर्ला, वाशीवरून पनवेलला. पश्चिम आणि मध्य या दोन लाइनी दादरला भेटतात, मध्य आणि हार्बर कुर्ल्याला. नकाशात ठाणे आणि बोरिवली शेजारी-शेजारी दिसतात, पण दोहोंच्या मधे नॅशनल पार्कचे डोंगर आहेत! म्हणून बोरिवलीच्या बहिणीकडे राहून ठाण्याचं काम करू, असं मनात आणू नका. नियम सोपा आहे. ज्या लाइनीवर काम, त्याच लाइनीवर मुक्काम. गाडी बदलावी लागू नये. आणि बरोबर पेशंट असेल तर गाडीत चढावंच लागू नये, इतकं जवळ राहा.

आता कामाप्रमाणे पाहू.

इस्पितळाचं काम असेल तर टाटा, के.ई.एम., वाडिया ही तिन्ही परळच्या परिसरात आहेत. परळ, दादर, लालबाग इथे राहावं. परळला नाना पालकर स्मृती समिती आणि दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा, अशा रुग्णांसाठीच्या जागा आहेत. पण तिथे गर्दी असते, खोली लगेच मिळेल असं धरू नका. पहिल्या तीन-चार रात्रींसाठी जवळचा साधा लॉज पाहून ठेवा आणि पोचल्या दिवशीच समाजसेवा विभागात चौकशी करा. आणखी एक. टाटाचं एक मोठं केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. काही रुग्णांचे उपचार तिथे होतात. केसपेपरवर परळ लिहिलंय की खारघर, हे आधी वाचा, मगच खोली ठरवा. खारघर हार्बरवर आहे. तिथलं काम असेल तर परळची खोली काही उपयोगाची नाही.

मंत्रालय, हायकोर्ट अशी सरकारदरबारची कामं चर्चगेट आणि फोर्टच्या बाजूला. तिथली हॉटेलं महाग वाटली तर गिरगाव किंवा ग्रँट रोड पाहा. गिरगाव-दादरचा एक फायदा असा, की खाणावळीत आपल्या तोंडाचं वरण-भात-भाजीचं ताट मिळतं, आणि पथ्याच्या माणसाला ते फार मोलाचं असतं.

लग्नाचा बस्ता बांधायचा आहे? मग आधी ठरवा, बाजार कोणता. मंगळदास मार्केट, भुलेश्वर, झवेरी बाजार करायचा असेल तर गिरगाव किंवा व्ही.टी.च्या आसपास उतरा. हिंदमाता आणि रानडे रोड पुरे असतील तर दादरला. साड्यांची गाठोडी आणि दागिन्यांची डबी घेऊन संध्याकाळच्या लोकलमध्ये चढणं शहाणपणाचं नाही. मधे एकदा खोलीवर येऊन सामान टाकता यायला हवं.

मुलाकडे किंवा मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जायचं असेल, तर व्हिसासाठी मुंबईची फेरी ठरलेली. जुन्या माणसांच्या डोक्यात अजून ब्रीच कँडी असते, पण अमेरिकेची वकिलात २०११ सालापासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. त्यासाठी विलेपार्ले पूर्व किंवा सांताक्रूझ पूर्व बरं. विमान गाठायलाही हाच भाग सोयीचा. मात्र २०२५ च्या ऑक्टोबरात नवी मुंबईच्या विमानतळाचंही उद्घाटन झालं आहे. तिकिटावर कोणता विमानतळ आणि कोणतं टर्मिनल लिहिलंय, ते दोनदा वाचा.

नुसती मुलांना मुंबई दाखवायची असेल, सिद्धिविनायक, राणीची बाग, गेटवे, एखादं नाटक, तर दादरसारखी जागा नाही. दोन लाइनी हाताशी आणि शिवाजी मंदिर पायाशी! आता तर दादरहून भुयारी मेट्रोही आहे. आरेपासून कफ परेडपर्यंतची ही मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरात पूर्ण सुरू झाली. सिद्धिविनायक, गिरगाव, चर्चगेट, विधान भवन, वांद्रे-कुर्ला संकुल, दोन्ही टर्मिनल अशी स्टेशनं तिच्यावर आहेत. तिकीट लोकलपेक्षा महाग, पण लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंसाठी ते पैसे खुशाल खर्चावेत.

खोली ठरवताना फोनवर विचारायला लाजू नका. स्टेशनपासून पायी किती मिनिटं? पूर्वेला की पश्चिमेला? चुकीच्या बाजूला उतरलं की सामानासकट पूल चढावा लागतो. लिफ्ट आहे का? गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं? भाडं चोवीस तासांचं, की दुपारी खोली सोडावी लागते? कर धरून किती होतात? पेशंटसाठी पेज करू देतील का? दोघांचीही ओळखपत्रं लागतात, तीही बरोबर ठेवा. आधी एकाच रात्रीचे पैसे भरा. संध्याकाळी आठनंतर त्या रस्त्याने एकदा चालून पाहा. दुकानं उघडी, बायका-मुलं ये-जा करताना दिसली, की मग पुढचे दिवस ठरवा. आणि लक्षात असू द्या, रिक्षा वांद्रे आणि सायनपर्यंतच. त्याच्या दक्षिणेला टॅक्सी किंवा बस. पावसाळ्यात जाणार असाल तर हिंदमाता, सायन, कुर्ला इथल्या सखल भागांत पाणी तुंबतं, हेही विचारात घ्या.

"अहो, पण नातेवाईकांच्या घरी फुकट होतं ना!" असं ह्यांचं म्हणणं येईलच. त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवा. रोजचं रिक्षाभाडं, गाडीभाडं, बाहेरचं खाणं, मुलांसाठी खाऊ, निघताना वहिनीला साडी. लॉज वाटतो तितका महाग पडत नाही, आणि जाण्या-येण्यातले तीन-चार तास वाचतात ते वेगळेच.

राहता राहिलं नातेवाइकांना सांगणं. ते पत्ता ठरण्याआधी करा आणि गोड बोलून करा. "सकाळी सातला तिथे हजर व्हायचं आहे, म्हणून जवळच उतरतोय. काम झालं की दिवसभर तुमच्याकडे, जेवायला भरली वांगी करा." असं हक्काने सांगितलं की कुणी रागावत नाही. फक्त रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉक कोणत्या लाइनीवर आहे, ते आदल्या दिवशी पाहा. आणि नातेवाइकांचं घरच कामाजवळ असेल, किंवा त्यांना भेटणं हेच काम असेल, तर खुशाल त्यांच्याकडेच उतरा. ओट्याशी मात्र बरोबरीने उभ्या राहा.

आमच्या जाऊबाईंचा शेक पुढे एक दिवसही चुकला नाही. धर्मशाळेतून आम्ही हळूहळू चालत जायचो, परत आल्यावर त्या दोन तास झोपायच्या, आणि मी खाली जाऊन मुगाची खिचडी टाकायची. डोंबिवलीची मंडळी दर रविवारी डबा घेऊन भेटायला यायची, आणि भाचेसुनेच्या तोंडावर पुन्हा हसू असायचं. आज जाऊबाई नातवाच्या मुंजीची यादी करताहेत. बस्ता मुंबईला बांधायचा म्हणतात. परवा फोनवर मी विचारलं, "उतरायचं कुठे?" तर म्हणाल्या, "आधी बाजार कोणता ते ठरव, मग सांगते!"