पाऊस शून्य आणि नोंद नाही, या दोन गोष्टी वेगळ्या

आज पिकाचं नाही, आपल्या पावसाच्या शीटचं लिहितोय. थोडं कबूलही करायचंय.

तुम्हाला माहीतच आहे, आपण बावीस गावचे लोक रोज सकाळी पर्जन्यमापक बघून या पानावर कमेंटमध्ये मिमी टाकतो. पुतण्यानं एक छोटा प्रोग्रॅम केलाय, तो त्या कमेंटा उचलून शीटमध्ये भरतो. उचलायची वाट म्हणजे एपीआय. सोप्या भाषेत, कंपनीनं ठेवलेली खिडकी. आपला प्रोग्रॅम तिथं जातो, ठरलेल्या नमुन्यात मागतो आणि ठरलेल्या नमुन्यात माहिती मिळते.

गेल्या जूनमध्ये खिडकीतून येणारा नमुना बदलला. काही लोकांच्या कमेंटीतला मजकूर कोरा यायला लागला. प्रोग्रॅम बंद पडला असता तर बरं झालं असतं. तो बंद पडला नाही. कोऱ्या जागी त्यानं ० भरला आणि पुढं गेला.

आपल्यातल्या एका मित्राचं दुसरं रान बारा किलोमीटरवर आहे. त्या गावात चार दिवसांत ९२ मिमी पाऊस झाला होता. शीटमध्ये पहिल्या दोन दिवसांचे ४३ आणि पुढं दोन शून्य. सोयाबीनला ७५ ते १०० मिमी झाल्याशिवाय पेरू नका, हे आपणच इथं सतरा वेळा सांगितलंय. गडी थांबला. मग उघडीप पडली, ओल उडाली. पेरणी बारा दिवस लांबली.

कंपनीला शिव्या घालणं सोपं आहे. पण बदलाची मेल आली होती, पुतण्याच्या जुन्या पत्त्यावर. तो पत्ता वर्षभर कोणी उघडलाच नाही. आणि शीटवर डोळे झाकून विश्वास ठेवा, असं मीच सांगत होतो.

हे आपल्यालाच झालं असंही नाही. २०२३ साली ट्विटरनं एपीआयचे फुकटचे नियम बदलले, तेव्हा अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याचे आपोआप जाणारे वादळाचे इशारे अडले. बोंब झाल्यावर मे महिन्यात सरकारी इशाऱ्यांना परत मोकळीक दिली. एवढ्या मोठ्या खात्याची ही गत, तर आपली काय कथा! खिडकी दुसऱ्याची असली की ती कधीही बदलणार, हे धरूनच चालायचं.

म्हणून आता घरात असं ठरवलंय:

१. कोरं ते कोरंच ठेवायचं. शून्य फक्त माणसानं शून्य लिहिलं तरच.

२. जे जसं आलं तसं आधी वेगळं साठवायचं, हिशेब नंतर. म्हणजे चूक सापडली की मागचं दुरुस्त करता येतं.

३. रोज बावीस नोंदी येतात आणि एखाद्या दिवशी पंधराच आल्या, तर शीट थांबवायची आणि फोन लावायचा. एका दिवसात ३०० मिमीचा आकडा आला तरी तसंच.

४. एपीआयला आवृत्तीचा नंबर असतो. प्रोग्रॅममध्ये तो लिहायचा आणि ती आवृत्ती कधी बंद होणार ती तारीख कॅलेंडरवर टाकायची. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख बघतो ना, तसं.

५. मेल दोघांच्या चालू पत्त्यावर.

पुतण्या म्हणतो, काका, एवढं सगळं बावीस आकड्यांसाठी? मी म्हटलं, बाबा, त्या आकड्यांवर लोक पेरतात. शीटच नसती तर त्या गड्यानं फोन करून विचारलं असतं. चुकीच्या शीटनं तो फोनही थांबवला.

एक काम तुमचंही. पाऊस इथं टाकायच्या आधी वहीत लिहा. वहीचा नमुना कोणी परस्पर बदलत नाही. ज्यांच्याकडं जूनच्या वह्या आहेत त्यांनी ते पान फोटो काढून पाठवा, शीटमधले खोटे शून्य खोडायचेत. आत्तापर्यंत नऊ गावं झाली, तेरा राहिलीत.