दरबार आणि माजघर

ऐतिहासिक कादंबरी लिहिणारास बखरी, सनदा, शिलालेख यांचा अभ्यास अवश्य, हें सर्वमान्य आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, त्या साहित्यानें कादंबरीचा सांगाडा उभा राहतो; त्यांत प्राण येतो तो घरांतून.

हरिभाऊ आपट्यांचें उदाहरण घ्यावें. बालपणींच मातृवियोग झाला. पुढें काका महादेव चिमणाजी यांच्या भरल्या घरांत ते वाढले. 1890 सालीं त्यांनीं ‘करमणूक’ पत्र काढलें. त्यांत ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही एका तरुण विधवेची, तिच्याच तोंडून सांगितलेली कथा क्रमशः आली. शिवकालावरील ‘उषःकाल’ त्यानंतरचा. हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. माजघरांतला दबलेला हुंदका ज्यानें ऐकला, त्यालाच गडावरील माणसांचें मन ऐकूं आलें.

आमचें चंद्रपूर, म्हणजे 1964 पर्यंतचें चांदा, याच दृष्टीनें पाहावें. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अंचलेश्वर या चार दरवाजांचा कोट येथें आहे. राणी हिराईनें पति बीरशहाची बांधविलेली समाधि आहे. बीरशहाचा खून झाल्यावर, अठराव्या शतकाच्या आरंभीं, तिनें दत्तक रामशहाच्या नांवें राज्य चालविलें. इतिहास येथवर सांगतो. परंतु दुसऱ्याच्या पोटचें मूल मांडीवर घेऊन, एका हातानें त्याला वाढवीत व दुसऱ्या हातानें दरबार आवरीत, ती बाई दिवेलागणीस मनांतलें कोणाशीं बोलली असेल, हें समाधीचा दगड सांगत नाहीं. तें लिहूं इच्छिणारानें दत्तकाचा संसार निभावलेली एखादी चुलती जवळून पाहिलेली असावी.

मात्र दोन पथ्यें पाळावीं. पहिलें, स्मृति म्हणजे पुरावा नव्हे. आजी ‘मोठ्या पुराच्या वर्षीं’ म्हणेल. साल कागदावरूनच ठरवावें. कुलाभिमानास तर फारच जपावें. 1818 च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं चांद्याचा कोट घेतला. त्या लढाईंत आपला पूर्वज शर्थीनें लढल्याचें सांगणारीं घरें मोजलीं, तर कोट पडलाच कसा, असा प्रश्न पडतो!

दुसरें पथ्य अधिक महत्त्वाचें. हें राज्य गोंडांचें. आमच्यासारख्यांचीं कित्येक घराणीं भोसलेशाहींत लेखणी घेऊन इकडे आलीं. आमच्या रुमालांत वसुलाचे आंकडे सांपडतात, रान सांपडत नाहीं. 21 ऑक्टोबर 1858 रोजीं चांद्यास फांशी गेलेल्या बाबूराव सेडमाके यांचें स्मरण गोंड समाजानें तोंडीं परंपरेनें जागतें ठेविलें आहे. 1982 सालीं गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. स्मृतीची वांटणी झाली नाहीं. केवळ आपल्याच माजघरांत बसून लिहिलेली चांद्याची कादंबरी अर्धीच राहील.

कादंबरीकार आपल्या घरांत निपजो वा न निपजो, त्याचें साहित्य जतन करणें आपल्या हातीं आहे. माळ्यावरचा रुमाल वाळवीच्या तोंडीं जाण्यापूर्वीं मोडी जाणणारास दाखवावा. सुनांनीं सासूबाईंकडून, नातवंडांनीं आजोबांकडून ऐकावें व वहींत उतरावें. सांगणाराचें नांव, ठिकाण, आणि डोळ्यांनीं पाहिलें कीं कानांनीं ऐकलें, हेंहि लिहावें. धान्य कोणत्या मापानें मोजीत, विहिरीवर कोणास मज्जाव होता, सोंवळ्या आत्याबाई काय जेवीत, हें आवर्जून विचारावें. सांगतांना लाज वाटेल तें गाळूं नये. तेंच प्रथम विसरलें जातें, आणि कादंबरीकाराला तेंच हवें असतें.