झेंड्याला पोरं, बोलणीला थोरं



जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर ऊसदर आहे, थकलेली बिले आहेत, रात्रीची वीज आहे, क्षारपड जमीन आहे. हे विषय सुटेपर्यंत राहणारच. त्यात आणखी एका विषयाची भर घालावी, अशी आमची मागणी आहे. वाळवा तालुक्यापासून सुरुवात करून गावोगाव तरुणांची सभा उभी करावी आणि तिला चळवळीत व गावात बोलण्याचा हक्क द्यावा. मान म्हणून नको, हक्क म्हणून द्यावा.

कुणी म्हणेल, उसाला दर मिळेना आणि यांना सभा सुचते. त्यांना आमचा एकच प्रश्न आहे. आंदोलन कुणाच्या जिवावर चालते?

रस्त्यावर बसायला पोरं. ऊसतोड बंद पाडायला पोरं. रात्रभर नाक्यावर जागायला पोरं. गुन्हे दाखल झाले की यादीत पहिली नावे त्यांची. मग तारखेला कोर्टात हेलपाटे, आणि नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत अडकायचे तेही त्यांनीच. पण कारखान्यावर किंवा कलेक्टर कचेरीत बोलणीला शिष्टमंडळ गेले की त्यात पंचविशीतला एक तरी माणूस असतो का? थोर मंडळी आत जातात, दोन तासांनी बाहेर येतात, आकडा सांगतात. पोरांनी गुलाल उधळायचा किंवा मुकाट घरी जायचे. आकडा कसा ठरला, काय सोडले, काय पदरात पडले, हे त्यांना कुणी सांगत नाही. पुढच्या वर्षी हाक दिली की निम्मीच येतात. मग आपण म्हणतो, आजकालच्या पोरांना चळवळीचे काही पडलेले नाही.

गावात तरी काय वेगळे आहे? बाप साठीचा, मुलगा तिशीचा. रात्री दोनला वीज आली की मोटर चालू करायला जातो मुलगा. टोळीमागे फिरतो मुलगा, खताच्या दुकानात उधारी सांगतो मुलगा. पण सातबारा बापाच्या नावावर. कारखान्याचा शेअर बापाच्या नावावर. सोसायटीचे सभासदत्व बापाचे. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्था आल्या, त्यांचे सभासदत्वही जमिनीच्या धारकाचे. १५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, तोही सातबाऱ्यावरच्या नावाला. म्हणजे जो शेती करतो तो कागदावर शेतकरीच नाही. सुनेचे तर विचारूच नका. माहेरच्या कागदावर नाही, सासरच्या कागदावर नाही, आणि भांगलणीला मात्र सगळ्यात पुढे.

देशाने १९८९ साली अठराव्या वर्षी मताचा हक्क दिला. एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीला उभे राहता येते. दिल्लीचे सरकार निवडायला पोरगा शहाणा, आणि कारखान्याच्या वार्षिक सभेत काट्याबद्दल एक प्रश्न विचारायला अडाणी? हे कसले तर्कशास्त्र?

ही आमची परंपराही नव्हे. १० सप्टेंबर १९४२ रोजी इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला. त्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले अभियंता पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपटे हुतात्मा झाले. त्या गावाला २०२५ साली ईश्वरपूर हे नाव मिळाले, पण इतिहास त्याच मातीत आहे. पुढे १९४३ पासून सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. आजचा सांगली जिल्ह्याचा हा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. त्यांच्याबरोबरची पोरं किती वर्षांची होती, हे बघा. कुंडलच्या जी. डी. बापू लाडांचा जन्म डिसेंबर १९२२ चा. तुफान सेनेने ७ जून १९४३ रोजी शेणोलीला रेल्वे अडवली, तेव्हा त्यांना एकविसावे चालू होते. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी त्याच वर्षीचे. याच वयाच्या पोरांनी गावोगावची न्यायदान मंडळे सांभाळली, सावकार आणि गुंड यांचा बंदोबस्त केला.

नाना पाटलांनी या पोरांना पत्रके वाटायला ठेवले नव्हते. जबाबदारी दिली होती, निर्णय दिले होते. म्हणून स्वातंत्र्यानंतर त्याच माणसांच्या हातून कुंडलचा क्रांती कारखाना आणि वाळव्याचा हुतात्मा कारखाना उभा राहिला. विशीत ज्याने निर्णयाचे ओझे उचलले, त्याला साठीत संस्था पेलली. आज आपण तरुणाला चाळिशीपर्यंत सतरंज्या उचलायला लावतो आणि मग एकदम म्हणतो, पुढची फळीच तयार नाही. फळी झाडाला लागत नाही, तयार करावी लागते.

बोलण्याचा हक्क जमिनीला बांधायचा की माणसाला, याचेही उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडते. १९८२ चा मुंबईचा गिरणी संप झाला आणि खानापूर तालुक्यातले कामगार गावी परतले. त्यांच्यातून आणि दुष्काळाने गांजलेल्या शेतकऱ्यांतून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळेची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी म्हटले, वाळू आमची, पैसा आमच्या धरणाला. १९८९ साली बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट बंधाऱ्याची भिंत नव्हे. पाण्याचा वाटा प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालाही, असे तिथे ठरले. पाणी जर माणसाला मिळू शकते, तर शब्द का मिळू नये?

आता हा प्रश्न शेतीचाच कसा आहे, ते सांगतो. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनी क्षारपड होताहेत, हे कुणाला नवे नाही. पाटपाणी आणि उपसा आला, ऊस आला, मोकाट पाणी सुटले, निचरा झाला नाही. भूजल वर आले, त्याबरोबर क्षार वर आले. जमिनीवर पांढरा थर दिसू लागतो, तेव्हा निम्मे नुकसान होऊन गेलेले असते. उपाय माहीत आहे. जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा काढायचा आणि पाणी ओढ्याला सोडायचे. पण हे काम एकट्या शेतकऱ्याच्या बांधात होत नाही. पाइप शेजाऱ्याच्या रानातून न्यावा लागतो, ओढा मोकळा करावा लागतो, खर्च वाटून घ्यावा लागतो. म्हणजे निर्णय गावाचा. आणि गावाचा निर्णय घेणाराचा हिशेब असा, की आपली आणखी दहा वर्षे निघतील, पुढचे पुढे. ज्याला ती जमीन पुढे चाळीस वर्षे कसायची आहे, त्याला कुणी विचारत नाही. जमीन चोपण होणार त्याची, कर्ज फिरणार त्याच्यावर, आणि बैठकीत त्याचे काम चहा आणण्याचे!

म्हणून तरुणांच्या सभेचे पहिले काम भाषण नव्हे, मोजणी असावी. गावातल्या कुठल्या गटात माती क्षारयुक्त झाली, कुठे चोपण, विहिरींची पाणीपातळी पावसाळ्याआधी किती आणि नंतर किती, ओढा कुठे बुजवला, कुणी बुजवला. मातीचा नमुना घेणे आणि पाणीपातळी मोजणे हे शिकलेल्या पोराला एका दिवसात येते. गावच्या नकाशावर रंग भरून तो चावडीवर लावा. मग बघा, सभेत कोण म्हणतो पोरांना काय कळतंय!

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने हेच वेगळ्या रीतीने केले. तिथे अभ्यासगट माहिती गोळा करतो, चर्चा करतो, पण निर्णय घेत नाही. निर्णय गावाच्या सभेत, सर्वांच्या संमतीने होतो. त्या सवयीच्या बळावरच त्या गावाने २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. अभ्यास तरुणांचा, निर्णय सगळ्यांचा, ही वाटणी आपल्यालाही मानवेल.

आता आक्षेप. वेगळी सभा काढली की घरात भांडणे लागतील, असे काही जुने कार्यकर्ते म्हणतात. हेच महिलांच्या बाबतीत म्हटले गेले होते. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले आणि पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला, तेव्हा कित्येक घरांत बाईच्या नावावर जमीन झाली. घरे मोडली नाहीत. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, ही तरतूद तर आता कायद्यातच आहे. तशीच ग्रामसभेच्या आधी तरुणांची सभा घ्यायला आपल्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. अठरा वर्षांवरचा प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद आहेच. वीस जण ठराव लिहून एकत्र आत गेले, तर सरपंचाला तो वाचावाच लागेल.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. तरुणांची सभा म्हणजे पुढाऱ्यांच्या पोरांची सभा होईल. होऊ शकते. फिलिपिन्स देशाचा अनुभव तेच सांगतो. तिथे हुकूमशहा मार्कोस यांनी १९७५ साली गावपातळीवर तरुणांच्या मंडळ्या काढल्या आणि देशपातळीवर प्रमुख केली आपलीच मुलगी. १९९१ च्या कायद्याने तिथे गावागावात निवडून येणारी युवा परिषद आली आणि गावनिधीतला १० टक्के वाटा तिच्यासाठी राखून ठेवला गेला. पैसा आला, तशी घराणी आली. शेवटी २०१६ साली कायदा बदलावा लागला. आता सत्तेवरच्या लोकप्रतिनिधीच्या जवळच्या नातलगाला त्या परिषदेवर उभे राहता येत नाही. यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. तरुणांच्या हाती पैसा द्यावा, आणि घराण्याला दाराबाहेर ठेवावे. एक केले आणि दुसरे नाही, तर उपाय रोगापेक्षा वाईट ठरेल. आपल्या जिल्ह्यात तर घराण्यांची ओळख करून द्यायची गरज नाही.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही पुढील ठराव ठेवतो आहोत.

१) प्रत्येक गावशाखेने १८ ते ३० वयाच्या सर्वांची तरुण सभा भरवावी. जमीन असो वा नसो. शेतमजुराचा मुलगा, गावात नांदायला आलेली सून, कॉलेजात जाणारी मुलगी, सगळे तिचे सभासद. निवडलेल्या पंचांत निम्म्या मुली आणि सुना असाव्यात.

२) साखर कारखाना, बँक, सोसायटी, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि आपली संघटना, यांपैकी कुठेही पदावर असलेल्याचे मूल, भाऊ, बहीण किंवा सून तरुण सभेची पंच होणार नाही. सभासद व्हायला हरकत नाही.

३) शाखेच्या प्रत्येक बैठकीत पहिला विषय तरुण सभेचा. त्यावर शाखेने ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे. नाही म्हणायचे असेल तर कारणासह नाही म्हणावे.

४) बोलणीला जाणाऱ्या प्रत्येक शिष्टमंडळात तरुण सभेने निवडलेले दोघे असतील. बाहेर आल्यावर हिशेब तेच सांगतील.

५) ज्या आंदोलनाचा निर्णय घेताना तरुण सभेला विचारले नाही, त्यात तरुणांना पुढे घालायचे नाही. ज्याच्यावर गुन्हा दाखल होईल त्याच्या वकिलाचा खर्च संघटनेचा.

६) शाखेच्या वर्गणीतला दहावा हिस्सा तरुण सभेकडे. हिशेब दर सहा महिन्यांनी चावडीवर.

आणि प्रत्येक घरासाठी एक सातवी गोष्ट, तिला ठरावाची गरज नाही. सहकार कायद्यात शेअर संयुक्त नावावर ठेवता येतो आणि दुसऱ्या नावाचा माणूस सहयोगी सभासद ठरतो. आपल्या संस्थेचे पोटनियम काढून वाचा आणि मुलाचे, मुलीचे, सुनेचे नाव लावा. मेल्यावर वारसनोंद करण्यापेक्षा जिवंतपणी शेजारी बसवून शिकवलेले बरे.

यातला चौथा आणि पाचवा ठराव काहींना जड जाईल, याची आम्हाला कल्पना आहे. ज्यांनी तीस वर्षे बोलणी केली, लाठ्या खाल्ल्या, घरदार सोडून गावे पालथी घातली, त्यांचा हक्क आम्ही काढून घेत नाही. त्यांच्या शेजारी दोन खुर्च्या मागतो आहोत. त्या खुर्च्यांवर बसणारी पोरं चुकतील, आगाऊपणा करतील, आतली गोष्ट बाहेर बोलतील. बोलू द्या. जी गोष्ट आपल्याच पोरांपासून लपवावी लागते, ती बोलणी कुणाच्या हिताची होती, हे एकदा कळू द्या.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक शाखेने आपल्याबरोबर तिशीच्या आतले दोघे आणावेत, त्यात एक मुलगी किंवा सून असावी. त्यांना मागच्या रांगेत बसवू नये. ठरावावर पहिले बोलणे त्यांचे होईल. मग हात वर करून मतदान, आणि त्यात त्यांचेही हात मोजले जातील.