चेहरा जुळत नाही!

सात महिन्यांची गरोदर बाई अंगणवाडीच्या ओट्यावर भर उन्हात उभी आहे. समोर सेविका मोबाईल धरून. "हालू नोको माय. आता डोये मिचकाव. आणखी एकदा." पडद्यावरचे चक्र फिरते, रेंज जाते, पुन्हा पहिल्यापासून. सोयाबीन सोंगायची मजुरी बुडवून आलेल्या त्या बाईला तिसऱ्या खेपेला उत्तर मिळते: चेहरा जुळत नाही. कसा जुळेल? आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, आता तोंडावर सूज. आणि ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो नवऱ्याच्या खिशात, नवरा सुरतेला कामावर. सेविकेने या पोरीला अंगणवाडीत अक्षरे गिरवायला शिकवली, तिच्या लग्नात तांदूळ टाकले. ती शपथेवर सांगेल, हीच ती. पण तिच्या शब्दाला या राज्यात किंमत नाही. किंमत आहे ती यंत्राच्या होकाराला.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा-पडताळणी सक्तीची केली. पोषण ट्रॅकर ॲपवर चेहरा जुळल्याशिवाय पाकीट नाही. आम्ही या हुकमाला सरळ नाव देतो: हा गरोदर बाईच्या ताटावर घातलेला दरोडा आहे, आणि तो सेविकेच्या हातून घालून घेतला जातो आहे, हे त्याहून नीच आहे.

कायदा काय म्हणतो? अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. गरोदर आणि स्तनदा मातेला स्थानिक अंगणवाडीतून रोज ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने देणारा आहार, मोफत. हा तिचा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. त्या कायद्यात डोळे मिचकावण्याची अट नाही. संसदेने दिलेला हक्क मोबाईलच्या कॅमेऱ्याने काढून घ्यावा, हा अधिकार मंत्रालयाला कोणी दिला?

आणि हे सारे कुठे चालले आहे? आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या डोक्यावर सातपुडा आहे. भिंगारा, गोमाळ, चाळीसटापरी या आदिवासी वस्त्यांना धड रस्ता मिळावा म्हणून वर्षानुवर्षे टाहो फोडावा लागला. जिथे आजाऱ्याला खाटेवरून खाली आणायची पाळी येते, तिथे फोटो मात्र वर सर्व्हरपर्यंत गेला पाहिजे! खाली खारपाणपट्टा. खारे पाणी पिऊन मूत्रपिंडे निकामी झालेली माणसे गावोगाव आहेत. या मातीतल्या बाळंतिणीला सकस अन्नाची गरज किती आहे, हे दिल्लीला कळत नसेल. पण बुलढाण्यात बसलेल्या अधिकाऱ्यांनाही कळू नये?

चोरी थांबवायची म्हणून हे केले, असा बचाव येईल. मग रोजगार हमीचा अनुभव पाहा. ही योजना देशाला दिली महाराष्ट्राने, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून, १९७२ च्या दुष्काळात. त्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो ॲपवर चढवणे सक्तीचे झाले. अडीच वर्षांत काय निष्पन्न झाले? जुलै २०२५ मध्ये खुद्द ग्रामविकास मंत्रालयाला परिपत्रक काढून कबूल करावे लागले की कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोवरून काढलेले फोटो बिनदिक्कत चढवले जात आहेत. चोराला वाट सापडली. रोज फोटोसाठी ताटकळला तो घाम गाळणारा मजूर. हा अनुभव समोर असताना तेच जोखड त्याच महिन्यात अंगणवाडीच्या मानेवर ठेवले गेले.

आता त्या सेविकेकडे पाहा. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, शेजारच्या मेळघाटातली धारणी ही तिच्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक. पन्नास वर्षे झाली. या पन्नास वर्षांत तिने मुले जोखली, लसीकरणाला गोळा केली, जनगणना केली, निवडणुकीच्या याद्या फिरवल्या, कोरोनात घरोघर ताप मोजला, २०२४ मध्ये लाडक्या बहिणींचे अर्ज भरले. आणि आजही सरकारच्या दप्तरी ती कर्मचारी नाही! तिला पगार नाही, 'मानधन' आहे. केंद्राने ठरवलेले मानधन २०१८ पासून ४,५०० रुपयांवर खिळलेले. राज्याने भर घातली ती मोर्चे आणि संप करायला लावून. ४ डिसेंबर २०२३ पासून बावन्न दिवस दोन लाखांवर बाया थंडीत रस्त्यावर होत्या. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली की योजनेवर राबणाऱ्यांना कामगार म्हणा, किमान वेतन द्या. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता गाजतवाजत लागू झाल्या, तरी ही बाई कामगार म्हणून दाराबाहेरच.

हक्क मागितला की ती 'मानसेवी', आणि ॲपची टक्केवारी भरली नाही की मानधन कापण्याची धमकी, कारणे दाखवा नोटीस! एकाच बाईला दोन मापे लावणाऱ्या या कारभाराला लाज कशी वाटत नाही? २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी निकृष्ट मोबाईल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. तो इशारा होता. त्यानंतर ॲपमधले रकाने वाढत गेले, त्यावर चेहऱ्याची सक्ती आली. संध्याकाळी चूल पेटवायच्या वेळी पर्यवेक्षिकेचा फोन येतो: तुमचे इतके चेहरे बाकी. रात्री रेंजच्या शोधात गच्चीवर चढणाऱ्या, गावात "बाईनं आमचं पाकीट खाल्लं" अशी बोलणी ऐकणाऱ्या, झोप उडालेल्या या बायांची मोजदाद कोणत्या डॅशबोर्डवर होते?

कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा सुरू झाली की सगळ्यांच्या नजरा पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांकडे वळतात. टीसीएसने २०२५ मध्ये बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले तेव्हा शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पुण्याला गेलेल्या पोरांच्या घरीही काळजी शिरली. ती काळजी खरी आहे. पण आमच्या जिल्ह्यात, चेहरा ओळखणाऱ्या ॲपच्या रूपाने, या बुद्धिमत्तेने पहिला घाव घातला तो सर्वांत कमी पैशात राबणाऱ्या बाईवर. तिची नोकरी नेली नाही, तिचा शब्द नेला.

यंत्राचा शब्द माणसाच्या शब्दाहून मोठा केला की काय होते, ते ब्रिटनने भोगले आहे. तिथल्या टपाल खात्याच्या होरायझन या संगणक प्रणालीने १९९९ पासून पुढे खोट्या तुटी दाखवल्या आणि नऊशेहून अधिक छोट्या टपाल चालकांना गुन्हेगार ठरवले गेले. कित्येक तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. यंत्र चुकत नाही, असे वरिष्ठ सांगत राहिले. त्या शिक्षा रद्द करायला २०२४ मध्ये खास कायदा करावा लागला. आमच्या सेविकेवर उद्या अपहाराचा ठपका आला, तर तिच्यासाठी कोणती संसद कायदा करणार?

२०२५ च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस मुठीमुठीने गळू लागले. गावकऱ्यांनी ओरड केली तेव्हा पथके धावली. माणसाने माणसाकडे पाहिले, म्हणून कळले. अंगणवाडीची बाई तेच काम करते. दंडाचा घेर बघून, पोराचे डोळे बघून तिला कळते की हे लेकरू खंगते आहे. त्या नजरेसमोर मोबाईल धरायला लावून सरकारने तिला आंधळे केले आहे.

आमची मागणी स्पष्ट आहे. आहाराला लावलेली चेहऱ्याची सक्ती तत्काळ उठवा. सेविकेची सही आणि लाभार्थीचा अंगठा पुरेसा माना. ॲपच्या टक्केवारीवरून दिलेली प्रत्येक नोटीस मागे घ्या, कापलेला प्रत्येक रुपया परत करा. आणि सेविका-मदतनिसांना कामगाराचा दर्जा द्या.

बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव आज केंद्रात मंत्री आहेत, तेही आरोग्य खात्यात. त्यांनी हा प्रश्न बाजूच्या खात्याचा म्हणून झटकू नये. दर १२ जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊंच्या जन्मस्थळी मंत्र्यांच्या गाड्यांची रीघ लागते. येत्या १२ जानेवारीला या, जरूर या. पण मातेपुढे हात जोडायला येण्याआधी जिल्ह्यातल्या मातांच्या तोंडचा घास अडवणारा हा हुकूम रद्द करून या.