आधी कागद वाचा, मग इसार द्या



गेल्या रविवारी सकाळी एक तरुण जोडपे आमच्या घरी आले. नवरा चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार, बायको घरी शिवणकाम करते. पिशवीतून स्टॅम्पपेपर काढून ती म्हणाली, "जयभीम काका. उद्या इसार द्यायचाय. कागद तेवढा वाचून द्या."

एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट शेतजमीन. इसार दोन लाख. भिशीचे पैसे आणि तिचे गंठण मोडून उभे केलेले. कागदावर नोटरीचा शिक्का होता, पण दस्त नोंदलेला नव्हता. सातबाऱ्यावर अकरा नावे, कागदावर सही एकाची. आम्ही म्हणालो, "उद्या पैसे देऊ नका."

ती गप्प बसली. मग म्हणाली, "मग काका, आम्ही राहायचं कुठं?"

आमच्यापाशी चटकन उत्तर नव्हते. म्हणून आम्ही कारकुनी सवयीने हिशेब मांडला. त्याच्या हातात पगार पडतो 19 हजार. खोलीचे भाडे 6 हजार. लहानसा फ्लॅट 25 लाखांचा धरला, 5 लाख स्वतःचे आणि 20 लाख कर्ज. 9 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी हप्ता येतो साधारण 18 हजार. म्हणजे उरलेल्या एक हजारात चौघांचे पोट, शाळा आणि औषधपाणी! शेवटी 20 लाखांचे 43 लाख फेडायचे, ते वेगळेच. पगाराच्या निम्मा हप्ता धरला तरी कर्ज बसते साडेदहा लाखांचे. त्यातही कंत्राट अकरा महिन्यांचे म्हटल्यावर बँक कागद परत सरकवते. भाड्याची दुसरी खोली शोधावी, तर घरमालक भाडे सांगण्याआधी आडनाव विचारतो. मग माणूस गुंठ्याकडे वळतो. त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही.

पूर्वी असे नव्हते काय? पिंपरी-चिंचवडला कारखानदारी वाढली तेव्हा शासनाने 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापले. कामगाराला कामाच्या जवळ परवडणारे घर मिळावे, हा हेतू. निगडी-आकुर्डीच्या पेठा त्यातून उभ्या राहिल्या. काम पुरे पडले नाही, हेही खरे. त्याच परिसरात गुंठा-अर्ध्या गुंठ्यावर विनापरवाना घरे वाढली आणि पाडापाडीच्या धास्तीत कित्येक संसार वर्षानुवर्षे जगले. 2021 साली ते प्राधिकरण महानगर प्राधिकरणात विलीन झाले. पण निदान कारखाना आणि घर यांचा विचार एकत्र झाला होता. चाकण, तळेगाव, हिंजवडीला रोजगार झपाट्याने वाढला. तिथे कारखान्याच्या जमिनीसाठी शासन पुढे आले, कामगाराचे घर मात्र बाजारावर सोडले. रोजगार आला की जमिनीचा भाव चढतो, कंत्राटी मजुरी तिथेच राहते. दुखणे हे आहे.

आता आपल्या हाती काय आहे?

नोटरीच्या कागदाने मालकी मिळत नाही. कुलमुखत्यारपत्रावर केलेल्या व्यवहारानेही मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले आहे. नोंदणीकृत खरेदीखत हवे, सातबाऱ्यावरील सर्व हिस्सेदारांच्या सह्या हव्यात. फ्लॅट नव्या बांधकामातला असेल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड शहरांत मोठ्या गृहप्रकल्पांतील 20 टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याचा नियम 2013 पासून आहे. ती म्हाडाच्या सोडतीतून मिळतात. अर्ज भरावा, नंबर लागला नाही तर अनामत परत मिळते. पंतप्रधान आवास योजनेचा शहरी दुसरा टप्पा 2024 साली सुरू झाला. वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेले कुटुंब त्यात दुर्बल गटात मोडते. मात्र कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्के घर असता कामा नये. म्हणून उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा.

आणि माउलींनो, घर तुमच्या एकटीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. 25 लाखांच्या घरावर 25 हजार रुपये वाचतात, आणि घरावर तुमचे नाव लागते.

सोडतीत नंबर सर्वांचा लागत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून औद्योगिक वसाहतीलगत कामगारांसाठी रास्त भाड्याची घरे शासनाने बांधावीत, ही मागणी प्रत्येक वस्तीतून, प्रत्येक युनियनमधून लेखी गेली पाहिजे. मते मागायला येणाऱ्यांना तिच्या तोंडचाच प्रश्न विचारा : आम्ही राहायचं कुठं?

त्या जोडप्याने सोमवारी इसार दिला नाही. दोन लाख बँकेत ठेवले. घर अजून मिळायचे आहे, पण पैसे बुडाले नाहीत. दर रविवारी सकाळी आम्ही घरीच असतो. कागद घेऊन या. मात्र इसार देण्याआधी या.