मामाचा काटा आणि टीलिब

टर्बो सी वर ग्राफिक्स शिकलेल्या प्रत्येकाने हा संदेश आयुष्यात एकदा तरी पाहिलेला आहे : "बीजीआय एरर : ग्राफिक्स नॉट इनिशिअलाइज्ड". आपल्या मशीनवर प्रोग्रॅम झकास चालतो, गाडी डावीकडून उजवीकडे पळते, झेंडा फडकतो. तीच ईएक्सई फ्लॉपीवर घालून मित्राकडे मिरवायला न्यावी, तर काळ्या पडद्यावर ही एक ओळ. मग कोणीतरी जाणकार सांगायचा की अरे, त्याच्याकडे 'टीसी' च्या आत 'बीजीआय' असा फोल्डर नाही, ईजीएव्हीजीए नावाची ड्रायव्हर फाईलपण सोबत ने. आम्ही न्यायचो. तीन वर्षं फ्लॉपीवर दोन फाईली वाहिल्या.

खरं औषध त्याच टर्बो सी मध्ये पडलेलं होतं. बीजीआयओबीजे नावाच्या प्रोग्रॅमने त्या ड्रायव्हरची ऑब्जेक्ट फाईल करायची, टीलिब वापरून ती ग्राफिक्स.लिब मध्ये घालायची (अधिक चिन्ह आणि फाईलचं नाव, बस्स), आणि प्रोग्रॅममध्ये इनिटग्राफच्या आधी रजिस्टरबीजीआयड्रायव्हर म्हणायचं. ड्रायव्हर ईएक्सईच्या पोटातच. फ्लॉपीवर एकच फाईल. आमच्या बॅचमध्ये हे एकालाही माहीत नव्हतं. 'लेट अस सी' आम्ही सगळ्यांनीच घोकलं होतं, नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे उपकार आहेतच, पण कमांड लाईनवर बसून लायब्ररी उघडायची असते हे परीक्षेला नव्हतं. त्यामुळे आमच्या लेखी ते अस्तित्वातच नव्हतं.

हे सगळं आज उगाळायचं कारण म्हणजे माझं एक जुनं मत, जे मी मित्रांच्या प्रत्येक पार्टीत मांडतो आणि मार खातो. मत असं की कंपाइल केलेली लायब्ररी म्हणजे सीलबंद पेटी नव्हे, मसाल्याचा डबा आहे. झाकण उघडता येतं, आत वाट्या असतात, एक वाटी काढून दुसरी ठेवता येते. आणि ज्याला हे येत नाही तो दुसऱ्याच्या कोडपुढे कायम हात जोडून उभा राहतो.

हे मत मला पुस्तकातून मिळालेलं नाही, कुंभवलीत मिळालं.

कुंभवली हे माझं आजोळ. बोईसरला उतरायचं, शेअर रिक्षात कोपऱ्यात कसंबसं टेकायचं आणि तारापूर एमआयडीसीचा तो ओळखीचा वास नाकात शिरला की समजायचं, आलं. (तेव्हा ठाणे जिल्हा. पालघर वेगळा जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला.) गोष्ट २००९ ची, दिवाळीनंतरच्या वीकांताची. डहाणू लोकल तेव्हा नव्हती, ती २०१३ ला आली, त्यामुळे पुण्याहून दादर, दादरहून विरार आणि तिथून शटल असा प्रवास करून मी आंबलेला. मामा जेवणावर गप्प. मामी म्हणाली, "अरे, त्याच्या काट्याचं बघ जरा, चार दिवस झोपला नाही."

मामा एमआयडीसीतल्या एका छोट्या केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेंटेनन्सला. तिथे बॅचमध्ये माल घालायच्या आधी वजन व्हायचं. काट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टवरून एका जुन्या डॉसच्या पीसीला आकडा द्यायचा आणि पीसी डॉट मॅट्रिक्सवर पावती छापायचा. इंडिकेटर जळला, नवा आला, मामाने तो जोडला. इंडिकेटरवर १२५.५० किलो, पावतीवर १.२५. झालं, ऑपरेटर वहीत हाताने लिहायला लागले, आणि मॅनेजरने सगळ्यांदेखत मामाला सुनावलं की वीस वर्षं काटे लावतोस आणि एक धड लावता येत नाही. मामाने तीन वेळा कॅलिब्रेशन केलं होतं. काटा बरोबर होता. पण "काटा बरोबर आहे" हे सिद्ध करायला त्याच्याकडे काही नव्हतं, आणि पावतीचा प्रोग्रॅम ज्याने लिहिला तो माणूस धंदा बंद करून कुठेतरी निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. मामाच्या हातात नव्या इंडिकेटरचं मॅन्युअल होतं. जुन्याचंही त्याने जपून ठेवलं होतं (इन्स्ट्रुमेंटवाले काहीही टाकून देत नाहीत). दोन्ही शेजारी ठेवल्यावर पाच मिनिटांत उलगडा झाला. जुना इंडिकेटर सहा आकडे पाठवायचा, टिंबाशिवाय : ०१२५५०. प्रोग्रॅम त्याला शंभराने भागायचा. नवा मधे टिंब घालून सात अक्षरं पाठवतो : ०१२५.५०. प्रोग्रॅम पहिली सहाच अक्षरं घेतो, आकडा करताना टिंबाशी थांबतो, म्हणजे हाती येतात १२५, त्याला भागिले शंभर. १.२५. मामाचा काटा निर्दोष.

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं," मामा म्हणाला. एवढंच.

आता दुरुस्ती. आणि इथे नशीब असं की तो गेलेला प्रोग्रॅमर आळशी होता. पावतीचा मजकूर सारखा बदलावा लागतो म्हणून त्याने त्या पीसीवरच टर्बो सी टाकून ठेवलं होतं. मुख्य प्रोग्रॅमची सी फाईल, एक हेडर, एक बॅच फाईल, आणि बाकी सगळं कोड एका .लिब मध्ये. काटा वाचायचं फंक्शन अर्थातच त्या लिबमध्ये, सोर्स नाही.

टीलिबला लिबचं नाव, स्वल्पविराम आणि यादीच्या फाईलचं नाव दिलं. आतले सगळे मॉड्यूल, त्यांचे आकार आणि बाहेर दिसणारी नावं अशी यादी समोर आली. 'काटा' नावाचं मॉड्यूल, त्यात तीन फंक्शन्स. हेडरमध्ये मात्र दोनच.

आधी शहाणपणा केला. वजन वाचायचं फंक्शन मीच नव्याने लिहिलं आणि मुख्य प्रोग्रॅमसोबत लिंक केलं. हिशोब असा की लिंकर लायब्ररीतून फक्त न सापडलेल्या नावांसाठी मॉड्यूल उचलतो. नाव आधीच सापडलं तर तो लिबकडे वळणारच नाही. हिशोब बरोबर, पण त्याच मॉड्यूलमधलं ते तिसरं, हेडरमध्ये नसलेलं फंक्शन पावतीच्या मॉड्यूलला लागत होतं. त्यासाठी जुनं 'काटा' आत आलंच, आणि वजन वाचायचं फंक्शन दोनदा झालं. मॉड्यूल म्हणजे अख्खी वाटी येते, चिमूटभर उचलता येत नाही.

म्हणजे वाटीच बदलायला हवी, तिन्ही फंक्शन्ससकट. तिसरं काय करतं? नाव होतं 'स्थिर' अशा अर्थाचं. पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहून ते मूळ लिबमधूनच सारखं बोलावलं आणि उत्तर छापलं. मामाने काट्यावर हात दाबला की शून्य, हात काढून पल्ला शांत झाला की एक. मॅन्युअलमध्ये पाहिलं तर दोन्ही इंडिकेटरचं पहिलं अक्षर हेच सांगतं. लिहिलं.

मग कंपाइल केलं आणि टीलिबला वजा-अधिक चिन्ह देऊन (जुनं काढ, नवं घाल) मॉड्यूल बदललं. लिंकर म्हणाला, नावंच सापडत नाहीत. का? टर्बो सी++ नवी फाईल देतं ती नोनेम००.सीपीपी, मी सवयीने तशीच .सीपीपी ठेवली. सी++ मध्ये फंक्शनच्या नावाला आर्ग्युमेंट्सचं शेपूट लागतं, जुनी लिब मात्र साधं अंडरस्कोरवालं नाव शोधत होती. यादीत दोन्ही नावं शेजारी दिसली म्हणून कळलं, नाहीतर रात्र गेली असती. .सी केलं. आता "फिक्सअप ओव्हरफ्लो". इथे मात्र चूक शुद्ध माझी. बॅच फाईलमध्ये लार्ज मॉडेलचा स्विच ढळढळीत होता आणि मी आयडीईच्या डीफॉल्ट स्मॉलमध्ये कंपाइल करत होतो. आयडीई सगळं करतं ना, मग असंही करतं.

चौथ्यांदा लिंक झालं. मामाने २० किलोची प्रमाणित वजनं एकेक करून ठेवली, प्रत्येक वेळी पावती छापली, इंडिकेटरशी ताडून सही केली. मॅनेजर येऊन बघून गेला. माफी वगैरे नाही मागितली. चहा मात्र पाठवला.

इथे माझा एक मित्र नेहमी दोन आक्षेप घेतो. पहिला : दुसऱ्याच्या लायब्ररीत हात घालणं बरोबर का? माझं उत्तर : वजनाच्या पावतीपुरतं, मूळ लिबची प्रत बाजूला ठेवून, प्रमाणित वजनांनी तपासून, हो. त्याच लिबमध्ये रिअॅक्टरचा सेफ्टी इंटरलॉक असता तर मी हात लावला नसता. आणि मूळ लेखक हयात, धंद्यात आणि फोन उचलणारा असेल तर आधी त्यालाच फोन.

दुसरा : हे टीलिब वगैरे म्युझियममध्ये ठेवा, आता कोण करतं हे?

सगळेच करतात, माहीत नसतं इतकंच. युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये 'एआर' ही कमांड आहे आणि ती अजून रोज चालते. टी दिलं की यादी, एक्स दिलं की बाहेर, डी दिलं की डच्चू, आर दिलं की बदल. फाईल अगदी साधी : सुरुवातीला आठ बाइट्सची खूण (उद्गारचिन्ह, कोनी कंसात 'आर्च', नवी ओळ), मग प्रत्येक आतल्या फाईलआधी साठ बाइट्सचं हेडर, त्यात नाव, वेळ, मालक, आकार, सगळं वाचता येईल अशा अक्षरांत. व्हिज्युअल सी++ ची कुठलीही .लिब नोटपॅडमध्ये उघडा, पहिल्या ओळीत तीच खूण दिसेल. उबुंटूवर उतरवलेलं .डेब पॅकेज? ते एआरचंच आर्काइव्ह, एआर टी करून बघा, आत तीन फाईली आहेत. रस्टची .आरलिब? तेच. गो चा कंपायलर पॅकेजचं जे .ए बनवतो? त्याच्याही सुरुवातीला तीच खूण. म्युझियम म्हणे :)

आणि न कळता वापरल्याची किंमतही द्यावी लागते. आधीच्या एका नोकरीत आमचं बिल्ड सगळ्यांच्या मशीनवर व्हायचं, नव्या आलेल्या मुलीच्या मशीनवर होईना. दोन दिवस सगळ्यांनी तिच्या सेटअपला नावं ठेवली. शेवटी तिनेच एआर टी करून दाखवलं की आमच्या .ए मध्ये एक ऑब्जेक्ट फाईल आहे जिचा सोर्स कोणीतरी आठ महिन्यांपूर्वी डिलीट केला होता. एआर आर हे घालतं आणि बदलतं, सोर्स गेला म्हणून आतलं काढत नाही. आम्ही सगळे आठ महिने मेलेल्या कोडवर जगत होतो. तिच्याकडे स्वच्छ मशीन होतं म्हणून तेवढं खरं बोललं. मेकफाईलमध्ये आर्काइव्ह आधी पुसून मग बनवायची एक ओळ घातली, प्रश्न मिटला. त्या मुलीला कोणी सॉरी म्हणाल्याचं आठवत नाही. मीपण नाही, लिहिताना आत्ता लाज वाटतेय.

बाकी छोट्या गिऱ्हाइकांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना माझं एकच मागणं आहे. सोर्स देत नाही म्हणता, कबूल. दोन माणसांच्या दुकानाचं भांडवल तेच असतं. पण नुसती ईएक्सई टाकून जाऊ नका. लायब्ररी द्या, हेडर द्या (पूर्ण द्या हो, तिसरं फंक्शन लपवू नका), कुठल्या कंपायलरच्या कुठल्या व्हर्जनने आणि कुठल्या स्विचने केलं ती बॅच फाईल द्या, आणि आतल्या मॉड्यूल्सची यादी छापून द्या. यातून तुमचं गुपित फारसं फुटत नाही. कुंभवलीच्या त्या कारखान्यात नुसती ईएक्सई असती तर मी मामाला "काटा बरोबर आहे" एवढंच सांगू शकलो असतो, आणि ते तर तो चार दिवस सांगतच होता. मॅनेजरने नवी सिस्टिम घेतली असती, आणि मामाची 'धड काटा लावता येत नाही' ही ख्याती तशीच राहिली असती.

ती यादी मी त्या दिवशी डॉट मॅट्रिक्सवर छापली. बदललेल्या मॉड्यूलसमोर तारीख आणि माझा फोन नंबर लिहिला. मामाने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पीसीच्या कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावली. काही वर्षांनी तो पीसी भंगारात गेला, विंडोजवरचं नवं सॉफ्टवेअर आलं. मामाने यादी काढून घेतली. कुंभवलीला त्याच्या कपाटात दोन्ही इंडिकेटरच्या मॅन्युअल्ससोबत आहे. गेल्या खेपेला दाखवली, शाई उडत चाललीय, 'काटा' अजून वाचता येतं.