आधी माप, मग रंग

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा शुद्धलेखनाला हसू नका. आज एक भांडण मांडायचंय, आणि ते माझ्याच प्रोग्रॅमशी आहे.

शनिवारी आपलं हॉस्टेल डोंबिवली, मुंब्रा, कळवा, ठाणे असं पांगतं. म्हणून मी कल्याणहून सुटणाऱ्या लोकलचा तक्ता टर्मिनलवर दाखवणारा छोटा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिला. वेळ, फास्ट की स्लो, प्लॅटफॉर्म. फास्ट हा शब्द लाल केला आणि रकाने वेडेवाकडे झाले! प्लॅटफॉर्मचा आकडा थेट त्या शब्दाला चिकटला.

कारण साधं आहे. लाल रंग सुरू करायला एस्केप, चौकोनी कंस, ३, १ आणि एम अशी ५ कॅरॅक्टर्स लागतात. रंग बंद करायला आणखी ४. ही नऊ डोळ्याला दिसत नाहीत, पण कॉम्प्युटर मोजतो. इंग्रजी स्पेलिंगमधला फास्ट ४ अक्षरांचा, तो झाला १३ चा. रकाना १२ चा होता, मग एकही स्पेस भरली गेली नाही.

मी मारला शॉर्टकट. फास्ट-स्लोचा रकानाच उडवला. वेळेलाच रंग दिला, लाल म्हणजे फास्ट, हिरवा म्हणजे स्लो, आणि रुंदी नऊने वाढवली. तक्ता एकदम सरळ! मी खूष.

त्या शनिवारी कळव्याचा एक मित्र माझा तक्ता बघून निघाला आणि फास्टमध्ये बसला. बहुतेक फास्ट गाड्या कळव्याला थांबत नाहीत. तो पोचला ठाण्याला. उलटी गाडी पकडून घरी जाईपर्यंत आजीची डॉक्टरची वेळ गेली. रात्री फोनवर तो शांतपणे म्हणाला, "अरे, मला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही." दोन वर्षं एकत्र जेवतो आम्ही, मला पत्ताच नव्हता.

म्हणून माझं मत ठाम झालंय. रंग ही सजावट आहे, माहिती नाही. स्टेशनवरचा इंडिकेटर बघा, गाडी जलद की धीमी हे तिथे अक्षरात लिहिलेलं असतं. आपणही आधी शब्द लिहावा, मग स्पेस भरून रुंदी पक्की करावी आणि सगळ्यात शेवटी रंग चढवावा. तयार रंगीत मजकूर हातात आला तर कोड काढून मगच मोजावं. लांब मजकूर कापताना रंग बंद करणारा कोड कापला गेला, तर पुढचा सगळा स्क्रीन लाल होतो. आणि आउटपुट फाइलमध्ये जात असेल तर रंग टाकूच नये, नाहीतर फाइलभर कचरा.

मराठीत तर आणखी गंमत. 'कल्याण' डोळ्याला ३ अक्षरं, पायथनला ६, आणि यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट्स. म्हणजे रोग तोच, मोजतो एक आणि दिसतं दुसरंच.

आपल्याला लॅबमध्ये आउटपुट आलं की मार्क मिळतात. ते समोरच्याला वाचता आलं का, हे कोणी विचारत नाही. निदान आपण तरी विचारूया. माझ्या तक्त्यात फास्ट-स्लोचा रकाना परत आलाय. रंगही आहे, पण शेवटी.